सोनमोहोर पडला, सावली गेली, आता थंडीत सोनटक्का आणि रेड जिंजर पिवळं पडतंय, कंद उकरून ठेवू का?

नौपाड्याची बाग

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय आणि जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आमची सोसायटी जुनी, ठाण्यात नौपाड्यात. तळमजल्याला आमच्या खिडक्यांमागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत 12 फुटी पट्टा आहे, तिथे गेली 9 वर्षं मी आल्याच्या कुळातली फुलझाडं लावतेय. सोनटक्का आईने गुहागरहून दिलेला, तिच्या विहिरीजवळचा, तो आता मोठा झुपका झालाय. शिवाय पिवळ्या पट्ट्यांचं शेल जिंजर, रेड जिंजरची तीन बेटं, भुईचाफा आणि कोपऱ्यात पेव. हे सगळं एका मोठ्या सोनमोहोराच्या सावलीत होतं. गेल्या मे महिन्यात वादळ आलं त्या रात्री तो सोनमोहोर मुळासकट आडवा झाला, नशिबाने भिंतीच्या बाजूला पडला, कुणाला लागलं नाही. पण अर्धी बाग त्याच्याखाली गेली, आणि जी उरली ती फांद्या तोडायला आलेल्या माणसांनी ओंडके ओढत नेताना तुडवली. शेल जिंजर तर त्यांनी वाटेत येतंय म्हणून कोयत्याने जमिनीलगत साफ केलं, मी घरात नव्हते तेव्हा. लाकडाचा भुसा वाफ्यातच पडला होता, मी तो खत होईल म्हणून मातीत मिसळून टाकला.

पावसाळ्यात सगळं परत फुटलं, सोनटक्का गौरीच्या वेळेला फुललासुद्धा, मला वाटलं चला वाचलो. मग ऑक्टोबरच्या उन्हात पानं करपायला लागली आणि आता डिसेंबरपासून सगळंच पिवळं. सोनटक्क्याचे दांडे वाळले, भुईचाफ्याचं एकही पान नाही, पेव झोपला, रेड जिंजरच्या पानांच्या कडा तपकिरी कुरकुरीत. थंडी लागली असेल असं समजून मी रोज सकाळी पाणी घालतेय, कधी संध्याकाळीही. परदेशातले व्हिडिओ बघितले तर ते म्हणतात थंडीआधी सगळे कंद उकरून घरात ठेवा नाहीतर मरतील. सोनटक्क्याच्या कडेला थोडं उकरून बघितलं तर एक कंद मऊ लागला आणि वास आला, तेव्हापासून झोप नाही. आईचा आहे हो तो, आणि आई आता नाही.

अजून एक. वादळात तुटलेली रेड जिंजरची फुलं फेकवेना म्हणून एका रिकाम्या कुंडीत मातीवर टाकून ठेवली होती, त्या कुंडीत आता हातभर उंचीची चार रोपं आहेत. हे बी पडून आलं का? आणि मुख्य प्रश्न, सगळं उकरू की राहू देऊ?

येऊरवाटा

ताई, आधी एक करा, उद्यापासून सोनटक्का, भुईचाफा आणि पेव यांचं रोजचं पाणी बंद. आजच केलं तरी चालेल.

ठाण्याच्या थंडीने ही झाडं मरत नाहीत. रात्री 15-16 डिग्री झालं की आपण स्वेटर घालतो, पण कंदाला त्याचं काही नसतं, त्या व्हिडिओवाल्यांकडे जमीन गोठते, कंदातलं पाणी गोठून तो फुटतो आणि वितळला की चिखल होतो, म्हणून त्यांना उकरावं लागतं. आपल्याकडे तसलं काहीच नाही. आपल्याकडे पान पिवळं पडतं कारण झाड झोपायला निघालंय. पानातलं सगळं सत्त्व कंदात उतरतं आणि वर फक्त कागद उरतो. घरची हळद आठवा, मृगाच्या आसपास लावतो, श्रावणात पातोळ्यांना पानं तोडतो, आणि पौषात पानं वाळून आडवी पडतात, तेव्हा कुणी हळद मेली म्हणून रडत नाही उलट काढायची वेळ झाली म्हणतो. भुईचाफा आणि सोनटक्का हळदीचेच भाऊबंद, पेव लांबचा नातेवाईक, त्याला आता वेगळ्या कुळात टाकलंय.

मी दर रविवारी येऊरच्या रानात जातो. पावसाळ्यात तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना पेव माणसाएवढा वाढलेला असतो, पांढरी फुलं, खाली लाल बोंडं. आत्ता जानेवारीत त्याच वाटेवर तुम्हाला नुसता पाचोळा दिसेल, पेव होता यावर विश्वास बसणार नाही. रानहळदही गायब. त्यांना तिथे आठ महिने कोण पाणी घालतं? माती कोरडी, वरती साग-ऐनाच्या पानांची गादी, खाली कंद गपचूप. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत कोंब वर.

आता धोका कशाचा, तर झोपलेल्या कंदाला ओल्या मातीत ठेवण्याचा. पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही, मग ते मातीतच राहतं, कंदाला हवा मिळत नाही आणि कूज धरते. तुम्हाला वास आला तो त्याचाच. शिवाय सावली गेल्यामुळे वरची माती तुम्हाला कोरडी दिसत असणार आणि तुम्ही अजून घालत असणार, पण चार बोटं खाली ती ओलीच असेल, बोट घालून बघा.

भुईचाफ्याचं एकही पान नाही म्हणून तर अजिबात घाबरू नका, त्याचं तसंच असतं, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पानांच्या आधी थेट जमिनीतून जांभळट पांढरी फुलं येतील, सकाळी उठून बघाल तर मातीवर फुलं ठेवल्यासारखी. फक्त त्या जागेवर काठी रोवून खूण करून ठेवा, नाहीतर कुणीतरी मोकळी जागा समजून तिथे तुळस लावेल.

नेरूळची गच्ची

येऊरवाटा यांचं बरोबर आहे पण ताई थांबा, ते पाणी बंदचं सगळ्या झाडांना लावू नका प्लीज!! मी हीच चूक केली आणि माझं रेड जिंजर गेलं. दोन वर्षांपूर्वी मला पण असंच सांगितलं होतं की आल्याच्या जातीची सगळी झाडं थंडीत झोपतात, पाणी तोडा. मी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांचं पाणी तोडलं, फेब्रुवारीपर्यंत रेड जिंजरचे दांडे हाताने ओढले की सुटून येत होते, आतला कंद सुकून चिपाड झालेला.

रेड जिंजर, शेल जिंजर आणि टॉर्च जिंजर ही बारमाही हिरवी राहणारी झाडं. त्यांना झोप माहितीच नाही, थंडीत ती फक्त मंदावतात, नवीन पान यायला महिना महिना लागतो, पण पानं जिवंत असतात आणि पाणी पितात. मी आता आठवड्यातून दोनदा देते, वरचा बोटाच्या पेराएवढा थर सुकला की मगच. टॉर्च जिंजर माझ्याकडे अर्ध्या ड्रममध्ये आहे आणि त्याला मी भिंतीच्या आडोशाला ठेवलंय, कारण थंडीपेक्षा त्याला वारा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्राकडून दमट वारा असतो आणि हिवाळ्यात रात्री-सकाळी तो जमिनीकडून येतो, कोरडा असतो, आपले ओठ फुटतात ना तशाच पानांच्या कडा जळतात. तुमच्या रेड जिंजरच्या कडा कुरकुरीत झाल्यात ते हेच असणार, आणि वरून थेट ऊन. पूर्वी सोनमोहोर तुमचं ऊनही अडवत होता आणि वाराही, शिवाय त्याची पानं खाली पडून ओल धरत होती, हे आपल्या लक्षात येत नाही झाड असेपर्यंत.

कुंडीतल्या त्या रोपांचं वाचून मला इतकं बरं वाटलं! ते बी नाही ताई, रेड जिंजरच्या लाल पाकळ्या दिसतात ना, त्या खरं तर रंगीत पानं आहेत, खरी फुलं आत छोटी पांढरी असतात. फुल जुनं झालं की त्या लाल पानांच्या बगलेत बाळरोपं धरतात, दांडा वाकून जमिनीला टेकला की मुळं सोडतात. तुम्ही तुटलेली फुलं मातीवर टाकलीत आणि वरून पावसाळा, म्हणजे अगदी जे करायला हवं तेच केलंत. ती मूळ रेड जिंजरचीच हुबेहूब नक्कल, बियाण्याचं काही नाही त्यात. चारही जगवा, सावलीत ठेवा, आत्ता मोठ्या कुंडीत हलवू नका, मार्चमध्ये हलवा.

येऊरवाटा

बरोबर, मी तीन नावं लिहिली होती पण रेड आणि शेल जिंजरचं वेगळं सांगायला हवं होतं ते राहिलं. धन्यवाद नेरूळकर.

दिवेआगर वाडी

मी ऐरोलीत राहतो, वाडी दिवेआगरला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं ते श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावरच, त्यामुळे ताई तुमची रात्र मला माहितीये. आमच्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, आजोबांनी लावलेल्या. खाली सोनटक्का, हळद, आलं, कर्दळ, जे काय होतं ते सगळं दबलेलं. मी तेव्हा काय शिकलो ते लिहितो, उशीर झालाय तुम्हाला पण पुढच्या वेळी कुणालातरी उपयोगी पडेल.

वादळानंतर हात शिवशिवतात, सगळं साफ करून टाकावंसं वाटतं. ते करायचं नाही. सोनटक्क्याचा दांडा नुसता आडवा झाला असेल आणि मोडला नसेल तर तो कापू नका, बांबूला सैल बांधून उभा करा नाहीतर तसाच आडवा राहू द्या, पान हिरवं आहे तोपर्यंत ते कंदाला खायला घालतंय. फक्त जो चिरलाय, पिळवटलाय, तो काढा. पेवाचा मोडलेला दांडा मात्र फेकू नका. सोनटक्क्याचा दांडा म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, त्याला मातीत खोचून काही होत नाही, पण पेवाचा दांडा खराखुरा असतो, उसासारख्या पेरांचा, त्याचे वीतभर तुकडे करून ओल्या रेतीत आडवे ठेवले की पेरापेराला कोंब येतात. मी त्या पावसाळ्यात असे चाळीसेक केले आणि शेजाऱ्यांना वाटले.

शेल जिंजरचं वाईट वाटलं. ते मागच्या वर्षीच्या जुन्या दांड्याच्या टोकाला फुलतं, त्यामुळे जमिनीलगत कापलं म्हणजे त्या वर्षीची फुलं गेली समजायची. आता पावसाळ्यात जे नवीन दांडे आलेत ते जपा, पट्टे छान दिसतात म्हणून पानं तोडू नका, त्यांना फुलं येतील पण जरा वाट बघावी लागेल. झाड मरत नाही त्याने.

भुशाचं मात्र काहीतरी करायला लागेल. ताजा लाकडाचा भुसा मातीवर पसरला तर चालतो, पण मातीत मिसळला की तो कुजवायला जे जिवाणू लागतात ते मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडाला उरत नाही, पानं फिकट पडतात. म्हणजे तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या कारणांनी पिवळं पडतंय, झोप, ऊन आणि भुसा, आणि तुम्ही सगळ्याचा दोष थंडीला देताय. आत्ता खत घालू नका, झोपलेल्याला जेवण नको. मेच्या शेवटी चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला, तोवर भुसाही बराच कुजेल.

सावलीचं आम्ही काय केलं तर, पडलेल्या माडांच्या झावळ्या विणून चार बांबूंवर मांडव घातला आणि लगेच केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिलं, लावले. केळ सहा-आठ महिन्यांत डोक्यावर येते, ओलही धरते. वादळात पुन्हा पडेल पण तोवर तिने काम केलेलं असतं.

खारघरवाला

मधेच विचारतो, मी ऑनलाइन मागवून काहिली जिंजर लावलंय, मोठ्या पिवळ्या कणसासारखं फुल आणि लाल तंतू असतात ते. तीन वर्षं झाली, पानं येतात, फुल शून्य. थंडी कमी पडते का आपल्याकडे?

येऊरवाटा

ते हिमालयातलं झाड आहे, नेपाळ-सिक्कीमच्या डोंगरउतारावरचं. आपली थंडी कमी आहे यापेक्षा आपला एप्रिल-मे जास्त आहे त्याच्यासाठी, खारघरच्या गच्चीवर तर भाजत असेल. थंड दमट ठिकाणी ते इतकं माजतं की न्यूझीलंड आणि हवाईत तण म्हणून उपटतात. तुम्ही त्यापेक्षा आपला पांढरा सोनटक्का नाहीतर नारिंगी फुलांचा लाल सोनटक्का लावा, सुवास पांढऱ्यालाच पण.

नौपाड्याची बाग

सगळ्यांचे खूप खूप आभार, चार दिवसांनी लिहितेय कारण सांगितलं तसं करून बघितलं मग लिहावं म्हटलं.

बोट घालून बघितलं, वर कोरडं आणि खाली चिखल, अगदी म्हणालात तसंच. सोनटक्क्याचा झुपका एका बाजूने खुरप्याने मोकळा केला. मधले सात-आठ गड्डे गेलेले आहेत, दाबले की पाणी सुटतं आणि वास. पण कडेने जे आहेत, भिंतीच्या बाजूला, ते टणक आहेत, नखाने थोडं खरवडलं तर आत पांढरं आणि तोच आल्यासारखा मंद वास. मला रडू आलं.

आता हे टणक आहेत ते उकरून ठेवू की तिथेच? आणि कुजलेल्यांच्या जागेचं काय करू?

दिवेआगर वाडी

एरवी म्हणालो असतो हात लावू नका. पण कूज आहे तर टणक गड्डे काढलेलेच बरे, तिथेच ठेवले तर ती कडेपर्यंत जाईल. पहार नको, खुरप्यानेच काढा, माती झटका, धुवू नका. ज्याला जरा डाग आहे तो डागाच्या पुढे बोटभर चांगल्या भागापर्यंत कापा, प्रत्येक कापाआधी सुरी पुसत जा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला 3 ग्रॅम या पाण्यात अर्धा तास बुडवून, सावलीत दोन-तीन दिवस पसरून ठेवा, कापलेली बाजू कोरडी पडली पाहिजे. हातमोजे घाला. मग खोक्यात कोरडी रेती किंवा कोकोपीट, त्यात एकमेकांना न लागतील असे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम येतो. पलंगाखाली चालेल. पंधरा दिवसांनी एकदा चाचपायचे, मऊ झाला तो काढायचा, सुरकुतला तर रेतीवर थोडं पाणी शिंपडायचं.

तुमच्याकडे पेव आहे म्हणून आठवलं, सांगलीजवळ हरिपूरला पूर्वी ज्यांत हळद साठवायचे त्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांनाही पेवच म्हणतात. तिथेही सगळा खेळ ओल आत जाऊ न देण्याचा असायचा.

कुजलेले सगळे मातीसकट काढून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नाही. ती जागा उघडी ठेवून ऊन खाऊ द्या मेपर्यंत, सावली नाही त्याचा एवढा तरी फायदा घ्या. परत लावताना त्या जागेवर नको, दोन-तीन फूट सरकवून थोडा उंचवटा करून लावा आणि शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणारी चांगली बुरशी, मिसळा.

नेरूळची गच्ची

आणि परत लावायची घाई करू नका. मेच्या मध्यावर गड्ड्यांचे डोळे गुलाबी फुगायला लागतात, तेव्हा प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे करून लावा. एप्रिलमध्ये लावून पाणी घातलंत तर कोंब येतात पण मेचं ऊन त्यांना भाजतं.

सावलीसाठी आत्ता 50 टक्केवाली हिरवी शेडनेट लावा, रेड आणि शेल जिंजरवर, फक्त दुपारच्या बाजूने. वाफ्यावर पाचोळा चार बोटं जाड, पण दांड्यांना चिकटवून नको. आणि सोनमोहोराच्या जागी काय लावताय? परत सोनमोहोर नका लावू, लवकर वाढतो पण वाऱ्यात पडायलाही पहिला.

नौपाड्याची बाग

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, बकुळ लावायचं ठरलंय. हळू वाढतं म्हणतात, पण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लहानपणी वेचलेल्या फुलांचं सांगितलं आणि सगळ्यांनी हात वर केले. तोवर शेडनेट आणि भिंतीकडेला केळीचे तीन मुनवे.

टणक गड्डे 23 निघाले. मोजून दोन खोक्यांत ठेवलेत, वर आईचं नाव लिहिलंय. रेड जिंजरला आता बुधवारी आणि रविवारीच पाणी. भुईचाफ्याच्या जागेवर तीन काठ्या रोवल्या.

नेरूळची गच्ची, त्या चार रोपांतली दोन तुमची. मार्चमध्ये कुंडी बदलताना वेगळी करेन, तुम्ही ठाण्याला येणार असाल तर स्टेशनजवळ भेटू नाहीतर मी ट्रान्स-हार्बरने नेरूळला येते, मला तुमचं टॉर्च जिंजर बघायचंच आहे.

नेरूळची गच्ची

अहो तुम्हीच या! सकाळी आठच्या आत या म्हणजे गच्चीवर बसता येईल. रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, ट्रेनमध्ये पानं फाटतात. टॉर्चच्या बुंध्याला एक बाजूचा कोंब सुटलाय, मार्चपर्यंत तगला तर तुमच्यासाठी काढून ठेवते.